हिरवं फुलपाखरू पाहायचं असेल तर तपकिरी शोधा

इंग्लंडमध्ये आल्यावर ग्रीन हेअरस्ट्रीक या छोट्या हिरव्या फुलपाखराच्या शोधात मी तीन मे महिने फुकट घालवले. चित्रात ते नखाएवढं, पोपटी, झुडपाच्या शेंड्यावर ऐटीत बसलेलं दिसतं. म्हणून मी प्रत्येक झुडपावर हिरवं काही हलतंय का ते बघत फिरायचे. इंग्लंडात, मे महिन्यात, झुडपांवर हिरवं शोधायचं! तिसऱ्या वर्षी पाय दुखले म्हणून सरे परगण्यातल्या एका उतारावर डबा उघडून बसले. समोरच्या हॉथॉर्नच्या झुडपावरून एक किरकोळ तपकिरी काहीतरी उडालं, दुसऱ्या तसल्याच तपकिरीशी भांडलं, गरगर फिरलं आणि परत येऊन त्याच फांदीवर नाहीसं झालं. असं चारदा झालं. पाचव्यांदा मी पोळीचा घास डब्यात तसाच ठेवून उठले आणि जवळ जाऊन पाहिलं, तर फांदीवरच्या एका हिरव्या पानाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिश्या होत्या.

तुमची ती तीन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितेय. नोकरी-शिक्षणासाठी नुकतेच ब्रिटनमध्ये आलेले, गावाकडे फुलपाखरं पाहायची सवय असलेले, पण इथल्या झाडाझुडपांशी आणि ऋतूंशी अजून ओळख न झालेले वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. महागडा कॅमेरा, दुर्बीण वगैरे काही लागत नाही.

पहिली पायरी: डोळ्यांची सवय मोडा

आपले डोळे मोठ्या फुलपाखरांवर तयार झालेले असतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन तळहाताएवढं असतं आणि वीस पावलांवरूनही चुकत नाही. ग्रीन हेअरस्ट्रीकचे पंख पूर्ण पसरले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ३ सेंटीमीटर भरतात. मिटून बसलं की ते अंगठ्याच्या नखामागे झाकलं जातं.

आणि ते बसतं ते नेहमी मिटूनच. ही एक गोष्ट कळली की बाकीचं निम्मं काम झालं. पंखांची वरची बाजू साधी मातकट तपकिरी, हिरवी आहे ती फक्त खालची बाजू. बसल्यावर दिसतं ते हिरवं, उडताना डोळ्यांत भरतं ते तपकिरी. उडतंही वेगात, वेडंवाकडं, झुडपाला चिकटून. तेव्हा काम दोन टप्प्यांत करायचं. उडणारं तपकिरी नजरेने पकडायचं, ते कुठे टेकलं तो बिंदू नजरेतून सोडायचा नाही, आणि मग त्या बिंदूवर हिरवं शोधायचं. उलट क्रमाने केलं की माझ्यासारखी तीन वर्षं जातात.

ऊन खातानाही ते पंख उघडत नाही. मिटलेले पंख तसेच ठेवून अख्खं अंग एका बाजूला कलतं करतं, म्हणजे उन्हाची तिरीप पंखाच्या सपाट बाजूवर पडते. फांदीवर एखादं पान वाऱ्याशिवाय हळूच कलंडलेलं दिसलं तर थांबा.

दुसरी पायरी: फुलपाखराआधी झुडूप

याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. फुलपाखरू दोन महिने असतं, झुडूप बारा महिने. फेब्रुवारीतल्या एखाद्या कोरड्या रविवारी फिरायला जाऊन जागा हेरून ठेवता येते.

१७५८ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने या फुलपाखराला ‘रुबी’ हे जातिनाम दिलं. शास्त्रीय नाव आज कॅलोफ्रिस रुबी असं लिहितात. रुबी हे माणकावरून आलेलं नाही, रुबस म्हणजे ब्लॅकबेरीच्या प्रजातीवरून आलेलं आहे. पण नावावर जाऊन नुसत्या ब्लॅकबेरीच्या जाळ्या धुंडाळू नका. याच्या अळीला बऱ्याच वनस्पती चालतात, आणि कुठली चालते ते जमिनीवर अवलंबून असतं. त्यामुळे तुमच्या भागातली जमीन कसली आहे, हा पहिला प्रश्न.

दक्षिण इंग्लंडात खडूचे डोंगर आहेत. शाळेत फळ्यावर लिहायचो तसला पांढरा दगड, वर जेमतेम वीतभर माती आणि त्यावर आखूड गवत. अशा उतारांवर दोन वनस्पती शोधा. एक रॉक-रोझ: जमिनीलगत पसरलेली, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं, पाकळ्या चुरगळलेल्या पातळ कागदासारख्या. दुसरी बर्ड्स-फूट ट्रेफॉइल: वाल-तूर यांच्याच कुळातली, फुलं पिवळी, कळ्यांवर लालसर छटा, आणि शेंगा पक्ष्याच्या पंजासारख्या फाकलेल्या. जूनमध्ये शेंगा पाहिल्या की नाव विसरणार नाही.

वाळूच्या, आम्लधर्मी माळांवर गॉर्स असतं. काट्यांनी गच्च, डोक्याइतकं उंच वाढणारं, पिवळ्याधमक फुलांचं झुडूप. हे ओळखण्याची कोकणी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही: उन्हात गॉर्स तापलं की खोबऱ्याचा वास सुटतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी मागे वळून कुणी डोक्याला तेल लावलंय का ते पाहिलं होतं. गॉर्ससारखंच पण बिनकाट्याचं असेल तर ते ब्रूम. तेही अळीला चालतं.

उत्तरेकडे, पीक डिस्ट्रिक्टच्या मूरलँडवर (म्हणजे उंचावरच्या ओसाड माळांवर) आणि स्कॉटलंडमध्ये, सगळा खेळ बिलबेरीचा. स्कॉटलंडात तिला ब्लेबेरी म्हणतात, पण दुकानातल्या डबीतली ब्लूबेरी वेगळी. गुडघ्याच्याही खाली राहणारं झुडूप, वसंतात लुसलुशीत पोपटी पालवी आणि त्यात लालसर गुलाबी, कंदिलासारखी लोंबती फुलं. तिथल्या पालवीचा आणि पंखांचा रंग इतका जुळतो की पाहणाऱ्याची पंचाईत होते.

खाद्यवनस्पती मिळाली म्हणजे झालं असं मात्र नाही. अळीला खायला झाड हवं, तसं नराला बसायला चौथरा हवा. मोकळ्या गवतात अधूनमधून छाती-डोक्याइतकी उंच झुडपं, पाठीमागून वारा अडलेला, समोर ऊन, अशी जागा बघा. हॉथॉर्न त्यासाठी फार आवडतं. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी लगडतं, म्हणून इथले लोक त्या फुलोऱ्यालाच ‘मे’ म्हणतात. उताराचा पायथा, जुनी खाण, रेल्वेच्या बांधाची उन्हाची बाजू, जंगलातल्या रुंद वाटेची कड, अशा ठिकाणी हे सगळं एकत्र येतं. चकाचक कापलेल्या हिरवळीच्या बागेत वेळ घालवू नका. आणि एखाद्या ठिकाणी ‘साफसफाई’ म्हणून सगळी झुडपं मुळासकट काढली असतील तर तिथलं हे फुलपाखरूही गेलं असं समजा. उलट, झुडपांना मोकळं रान दिलं आणि त्यांनी सगळं गवत गिळलं, तरी ते जातं. दोन्हींची सरमिसळ राखावी लागते, आणि म्हणूनच याच्या बऱ्याच चांगल्या जागा कुणीतरी मेहनतीने सांभाळलेली राखीव क्षेत्रं आहेत.

काही जागा नावानिशी सांगते. लंडनकरांना बॉक्स हिल सोयीचं. बॉक्स हिल अँड वेस्टहम्बल स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं, गाडी लागत नाही. ऑक्सफर्ड-रेडिंगकडच्यांना ॲस्टन रोवंट. एम ४० मोटरवे या राखीव क्षेत्राला चिरूनच जातो, त्यामुळे गाड्यांची घरघर पाठ सोडत नाही, पण उतार सुंदर आहेत आणि वर घारी. ग्लॉस्टरशरमध्ये चेल्टनमजवळ प्रेस्टबरी हिल. बर्मिंगहॅम-वुल्वरहॅम्प्टनच्या लोकांना कॅनक चेस, तिथे बिलबेरीवर पाहा. शेफील्ड-मँचेस्टरकरांना पीक डिस्ट्रिक्ट दारातच आहे.

तिसरी पायरी: दिवस निवडणं

वर्षातून एकच पिढी. आपल्याकडे पावसाळ्याआधी एक, नंतर दोन, असा बारमाही प्रकार असतो, तसं इथे नाही. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या अखेरपर्यंत, आणि खरा बहर मे महिन्यात. उत्तरेकडे थोडं उशिरा. एक मे महिना हुकला की थेट पुढचा. सुदैवाने याच महिन्यात दोन बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, सोमवारी येतात, पहिला आणि शेवटचा. माझ्या मते दोन्ही याच्यासाठी राखून ठेवा, बार्बेक्यूची बोलावणी नंतरही येतील.

हवामानासाठी मी एक तयार नियम उसना घेते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ठरावीक वाटांवर दर आठवड्याला फुलपाखरं मोजली जातात. मोजणाऱ्यांसाठी अटी अशा: सकाळी पावणेअकरा ते दुपारी पावणेचार ही वेळ, तापमान किमान १३ अंश, १३ ते १७ अंशांच्या दरम्यान असेल तर निदान ६० टक्के वाटेवर ऊन पाहिजे, १७ च्या वर गेलं की ढग असले तरी चालतं, आणि पानांनी भरलेली लहान झाडं डोलवणारा वारा नको. हे आकडे मोजणीसाठी आहेत, पण नवख्याला ‘आज जावं की नको’ ठरवायला अगदी नेमके पडतात. १३ अंश म्हणजे तुम्हा-आम्हाला स्वेटर घालायची थंडी. फुलपाखराला मात्र ऊन असलं की तेवढं पुरतं, म्हणून थंडी वाजतेय या कारणावर घरी बसू नका. ढगाळ आणि वाऱ्याचा दिवस असेल तर मात्र खुशाल घरी बसा.

सामान

पाणी, डबा, टोपी, फोन. फुल पँट घाला आणि तिचे पाय मोज्यांत खोचा. दिसायला विनोदी दिसतं, पण गवतात आणि फर्नमध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोगाचा धोका असतो. घरी आल्यावर गुडघ्यांमागे, कमरेशी, काखेत एकदा तपासून घ्या. माळावर ॲडर हा साप असतो, ब्रिटनमधला एकमेव विषारी साप. फुरशांच्या मुलखातून आलेल्यांना वेगळं सांगायला नको: दगडावर हात टेकण्याआधी दगड बघायचा.

चौथी पायरी: उभं राहणं

नवखे लोक चालतात फार. हेअरस्ट्रीकचा नर एक झुडूप धरतो आणि तिथून राखण करतो. जवळून दुसरा नर गेला, माशी गेली, दुसऱ्याच जातीचं फुलपाखरू गेलं, की हा झेपावतो, हवेत गिरक्या होतात, आणि बहुतेक वेळा तो त्याच फांदीवर किंवा हातभर अंतरावर परततो. म्हणजे शोधण्याची मेहनत तोच करतोय. तुम्ही झुडपाच्या उन्हाकडच्या बाजूला पाच-सहा पावलांवर थांबा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून काढा. काही झालं नाही तर पुढचं झुडूप.

उभं राहताना सूर्य तुमच्या पाठीशी असावा, पण सावली झुडपावर पडता कामा नये. सावली पडली की ते गेलंच. उंचीचा अंदाज म्हणून सांगते, छातीपासून डोक्यापर्यंतच्या पट्ट्यातली बाहेर आलेली पानं आणि शेंडे आधी बघा. माद्या मात्र खाली, अळीच्या खाद्यवनस्पतींत असतात, आणि त्या सापडतात बहुधा चुकून.

पहिला नर दिसला की लगेच पुढे धावू नका. तो दोनदा उडून दोनदा परत येऊ दे. परतण्याची जागा कळली की मग पुढे सरका, तेही तो बाहेर गेलेला असताना.

पाचवी पायरी: तेच आहे ना?

बसलेलं नीट दिसलं तर शंका उरत नाही. ब्रिटनमध्ये पंखाची खालची बाजू अशी सलग हिरवी असलेलं दुसरं फुलपाखरू नाही. डोळ्याभोवती पांढरी कड, पट्टेरी मिश्या, आणि पंखावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची रेघ. हेअरस्ट्रीक म्हणजे केसाएवढी रेघ, पण याच्या बाबतीत ती तुटक ठिपक्यांवर आलेली असते. काहींना पुरती माळ, काहींना एकच ठिपका, काहींना काहीच नाही. ठिपके नाहीत म्हणून वेगळी जात समजू नका.

फसवणारे दोन गट आहेत. हिरवे फसवणारे: ब्रिमस्टोन, जे दुप्पट मोठं आणि फिकट पिवळसर हिरवं, पानासारख्या आकाराचं, ऑरेंज-टिप, ज्याची खालची बाजू पांढऱ्यावर हिरव्या शेवाळासारखी चितारलेली, आणि ओकच्या झाडाखाली मिळणारा ग्रीन ओक टॉर्ट्रिक्स हा पतंग, जो पंख पाठीवर चपटे ठेवतो. तपकिरी फसवणारे जास्त त्रास देतात, कारण आपण उडणारं तपकिरीच शोधतोय. डिंजी स्किपर याच जागी, याच दिवसांत, याच ढंगात उडतं. बर्नेट कम्पॅनियन आणि मदर शिप्टन हे दिवसा उडणारे पतंगही गवतातून उठतात. यांच्यावर उपाय एकच, बसेपर्यंत वाट पाहणं. डिंजी स्किपर पंख पसरून जमिनीवर बसतं, पतंगही गवतात उतरतात. झुडपावर जाऊन, पंख मिटून गायब झालं, तर तेच आपलं.

नर-मादी दोन्ही दिसायला सारखेच. नराच्या पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला गंधाचा एक फिकट लांबट ठिपका असतो, पण पंख उघडून बसण्याची सवयच नाही म्हटल्यावर तो तुम्हाला कोण दाखवणार! वागण्यावरून ओळखा. झुडपावर भांडणारा तो नर, कोवळ्या शेंड्यांवर पोटाचं टोक वाकवत चालणारी ती मादी.

मध्येच थोडं रंगाबद्दल

फोटो काढण्याआधी हे कळलं तर फोटो सुधारतो, म्हणून इथे.

या हिरव्यात हिरवं रंगद्रव्य नाही. मोरपीस कुटलं तर हिरवी-निळी पूड मिळत नाही, काळपट भुकटी मिळते, तसाच हा मामला. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे खवले असतात. हेअरस्ट्रीकच्या हिरव्या खवल्यांच्या आत कायटिनची (कीटकांचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाची) एक नागमोडी जाळी असते, आणि जाळीच्या पोकळीत हवा. ती जाळी तिन्ही दिशांना ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येते, आणि ते अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचं असतं. त्यामुळे हिरव्या भागाचा प्रकाश तेवढा जोरात परत फेकला जातो. जाळीच्या या आकाराला गायरॉइड म्हणतात. ॲलन शोन या शास्त्रज्ञाने नासामध्ये काम करताना १९७० मध्ये तो कागदावर मांडला. फुलपाखराकडे तो कधीपासूनच होता.

आता गंमत अशी की अशा रचनेतून सहसा लखलखीत, कोन बदलला की रंग बदलणारी चमक येते. हेअरस्ट्रीक तसं चमकत नाही, पानासारखं शांत दिसतं. कारण एका खवल्यात ही जाळी अखंड नसते, छोट्या छोट्या तुकड्यांत असते, आणि प्रत्येक तुकड्याचं तोंड वेगळ्या दिशेला. लांबून सगळ्यांची सरासरी दिसते. लपायला चमक उपयोगाची नाही, हे वेगळं सांगायला नको.

जूनमध्ये भेटलेलं हेअरस्ट्रीक बऱ्याचदा ठिगळं लावल्यासारखं दिसतं. खवले झडलेल्या जागी तपकिरी उघडं पडतं. रंग विटत नाही, खवले गळतात.

फोटो

थोडक्यात. फ्लॅश बंद. फोनच्या दुप्पट-तिप्पट झूमवर, हातभर अंतरावरून, पंखाच्या सपाट बाजूला समांतर. सूर्य तुमच्या मागे असला तर हिरवं भरून येतं. विरुद्ध बाजूने काढलं तर मळकं शेवाळी दिसतं आणि घरचे विचारतात, यात फुलपाखरू कुठेय? पहिला फोटो लांबूनच काढून ठेवा, ओळख पटवायला तो पुरतो. गॉर्समध्ये हात घालू नका, मी घातलाय.

जून आणि पुढे: अंडं, अळी, कोष

या भागासाठी बहुतेक लोक थांबत नाहीत, पण मला हाच सगळ्यात आवडतो.

मादी एकेक अंडं वेगळं घालते, कोवळ्या कळ्या-पानांच्या बेचक्यात दाबून. ते इतकं बारीक की मादी घालताना दिसली तरच शोधता येतं. तिच्या मागे राहा, ती उडाल्यावर तो शेंडा बघा, पण तोडू नका. एक-दोन आठवड्यांत अळी निघते आणि कळ्या, फुलं, कोवळी पानं खाते. वाढलेली अळी हिरवी, पाठीवर पिवळसर तिरक्या खुणा, आणि आकार सोललेल्या वालाच्या दाण्यासारखा: वर फुगीर, खाली चपटी. रंग पुन्हा झाडाचाच. एक गोष्ट सांगून ठेवते. या अळ्या एकमेकींना खातात. एकाच फांदीवर दोन मिळाल्या म्हणून डबीत घालून घरी वाढवायला नेल्या, तर एक उरेल. नेऊच नका.

उन्हाळा सरता सरता अळी खाली उतरते आणि पालापाचोळ्यात, शेवाळात कोष करते. कोष बुटका, तपकिरी, बारीक केसांचा. आणि मग ऑगस्ट, दिवाळी, नाताळ, मार्च, सगळं कोषातच. वर्षातला सर्वांत मोठा काळ हे फुलपाखरू आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच रूपात नसतं.

तिथे त्याला राखण असते मुंग्यांची. हा कोष आवाज काढतो. शरीराचे भाग एकमेकांवर घासून केलेली बारीक किरकिर, जी शांत जागी माणसाच्या कानालाही ऐकू येते. त्या आवाजाने मुंग्या येतात, कोषाला माती लावून झाकतात, आणि मुंग्यांच्या वारुळांतही हे कोष मिळाले आहेत. आपल्याकडच्या वाचकांना हे अगदी नवं वाटू नये. हेअरस्ट्रीक ज्या लायसिनिडी कुळातलं आहे त्यातल्या बऱ्याच जातींचं मुंग्यांशी साटंलोटं असतं. ओंबिलांच्या, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांच्या, पहाऱ्यात वाढणाऱ्या ओकब्लूच्या अळ्या सह्याद्रीतही आहेत. याच कुळातला एक नातेवाईक मात्र आपल्या शेतकऱ्याच्या शिव्या खातो: डाळिंब पोखरणारी अळी ज्याची, ते अनार बटरफ्लाय. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबवाल्यांना त्याचं कौतुक सांगायला जाऊ नका.

हिवाळ्यात कोष शोधायला पाचोळा उकरायचा मोह होईल. तो आवरा. उकरलेली जागा पुन्हा तशी लावता येत नाही आणि मुंग्यांचंही घर मोडतं. त्यापेक्षा त्या महिन्यांत पुढच्या वर्षासाठी झुडपं हेरा.

शेवटची पायरी: नोंद

दरवर्षी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत बटरफ्लाय कन्झर्व्हेशन ही १९६८ पासून काम करणारी संस्था ‘बिग बटरफ्लाय काउंट’ घेते. पंधरा मिनिटं उभं राहायचं, मोजायचं, कळवायचं. नव्या लोकांना ती छान सुरुवात आहे, जरूर करा. पण हेअरस्ट्रीक तेव्हा उडत नसतं, ते अळीच्या किंवा कोषाच्या रूपात झुडपात-मातीत गेलेलं असतं. त्यामुळे याची नोंद तुम्हालाच वेगळी, मे-जूनमध्ये, आयरेकॉर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर घालावी लागते.

नोंदीत चार गोष्टी हव्यात: तारीख, नकाशावरची नेमकी जागा, किती दिसली आणि कुणी पाहिली. नेमकी जागा म्हणजे ‘बॉक्स हिल’ नव्हे, तर उतारावरचा तो ठिपका. अमुक टेकडीवर दिसलं एवढ्याने जागा सांभाळणाऱ्यांना कुठलं झुडूप राखायचं ते कळत नाही. फोटो असेल तर जोडा. आणि मी स्वतः आणखी एक ओळ लिहिते: कशावर बसलं होतं. हॉथॉर्न, गॉर्स, बिलबेरी, की कुंपणाची तार. नराच्या बसण्याच्या जागा वर्षानुवर्षं त्याच असतात असा माझा अनुभव आहे. माझ्या वहीत डबा खाल्लेल्या त्या उतारावरच्या हॉथॉर्नची नोंद सहा वेळा आहे, सहा वेगवेगळ्या वर्षांची, आणि प्रत्येक वेळी जमिनीपासून पाचएक फुटांवर, उजवीकडच्या फांदीवर.